सोलापुरात नवा धंदा: पहिली पाच माणसं कशी निवडायची

चिंचोळी एमआयडीसीतला कारखानदार म्हणतो, "सोलापुरात माणूसच मिळत नाही." अशोक चौकात चहा पीत उभी असलेली इंजिनिअर पोरं म्हणतात, "सोलापुरात नोकरीच मिळत नाही." दोघंही खरं बोलतात. आपल्याकडे नोकरी अजून तोंडातोंडी फिरते. मालक मेव्हण्याला सांगतो, मेव्हणा शेजाऱ्याला, आणि शेजाऱ्याच्या पुतण्याला सोमवारपासून कामावर बोलावलं जातं. ज्याला ते काम खरंच येतं, त्याच्यापर्यंत बातमी पोचतच नाही.

ओळखीला माझा विरोध नाही. माणसाचं नाव कळायला ओळखीसारखा स्वस्त रस्ता नाही. पण नाव कळणं आणि माणूस निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत. नाव कुठूनही येऊ द्या, निवड मात्र हातात काम देऊन, ते बघूनच करा. खाली जे लिहिलंय ते पहिल्या चार-पाच माणसांसाठी आहे. पन्नास माणसांच्या कंपनीचं गणित निराळं असतं.

आधी कामाची वही

माणूस शोधायला निघण्याआधी दोन आठवडे एक वही जवळ ठेवा. सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही काय केलंत, किती वेळ गेला आणि ते तुम्हीच करणं गरजेचं होतं का, हे तीन रकाने रोज भरा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

समजा, तुम्ही चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकताय. तुमच्या मनात असतं की आपल्याला एक मार्केटिंगवाला हवा. वही सांगते की दिवसाचे तीन तास पॅकिंगमध्ये गेले, दीड तास परत आलेला माल तपासण्यात आणि तासभर "माझी ऑर्डर कुठपर्यंत आली" या फोनांत. मार्केटिंगसाठी तुमच्याकडे वेळच उरलेला नाही. मग पहिला माणूस पॅकिंग-रिटर्न-फोन सांभाळणारा हवा आणि मार्केटिंग तुम्ही स्वतः करायचं, कारण तुमचा माल तुमच्याइतका अजून कुणाला कळत नाही. मार्केटिंगवाला आत्ताच आणलात तर पहिले दोन महिने तोही पॅकिंगच करेल आणि तिसऱ्या महिन्यात निघून जाईल.

हिशेबाला पूर्णवेळ माणूस सुरुवातीला लागत नाही. आठवड्यातून दोनदा येणारा अर्धवेळ अकाउंटंट आणि महिन्याच्या ठरलेल्या फीवर सीए, एवढं पुरतं. लोगो, फोटो, वेबसाइट ही कामं एकदा पैसे देऊन करून घ्यायची. आणि 'मॅनेजर' हा शब्द पहिलं वर्ष विसरा. सांभाळायला माणसंच नसताना मॅनेजर काय सांभाळणार?

नातेवाइकांचं काय? घरून आग्रह होणार, "आपला दीपू रिकामाच आहे की." त्यालाही इतरांसारखंच नमुना काम द्या, नियुक्तिपत्रही द्या. पण ज्याला काढायची वेळ आली तर आधी बहिणीला फोन करावा लागेल, त्याला पैशाच्या किंवा मालाच्या जागेवर बसवू नका.

पगाराचा खरा आकडा

महिना १५,००० रुपये पगार ठरवला म्हणजे खर्च १५,००० नाही. सगळ्या पगारावर प्रॉव्हिडंट फंड धरला तर मालकाचा वाटा १२ टक्के, त्यात विमा आणि प्रशासन शुल्क मिळवून साधारण १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. दिवाळीला एक पगार द्यायचा तर महिन्याकाठी १,२५० बाजूला पडले पाहिजेत. बेरीज १८,६८८ होते. यात खुर्ची, लॅपटॉप, चहा आणि मे महिन्यातल्या कूलरचं बिल आलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, फंड २० माणसांना लागू होतो आणि ईएसआय १० माणसांना, मग आत्ता कशाला धरायचं? धरा. कारण दहावा माणूस आला की पगारात अचानक कपात सुरू होते आणि पहिल्या नऊ जणांना वाटतं की मालकाने पगार कमी केला. ईएसआय २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू असतो आणि कामगाराकडून ०.७५ टक्के कापला जातो. कपात, हातात येणारी रक्कम आणि मालकाचा एकूण खर्च हे तीन आकडे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दाखवले की पुढची कुरबूर टळते.

व्यवसाय कर विसरू नका. महाराष्ट्रात महिना १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापायचे. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत हा कर नाही. आणि किमान वेतन पहिल्या माणसापासून लागू असतं. राज्यात त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. तेव्हा दोन वर्षांपूर्वी मित्राने सांगितलेला आकडा धरून बसू नका.

माझा हिशेब साधा आहे. त्या माणसाचा सहा महिन्यांचा पूर्ण खर्च वेगळ्या खात्यात पडलेला नसेल तर पूर्णवेळ माणूस घेऊ नका, तासावर घ्या. पगार ज्या तारखेला म्हणालात त्याच तारखेला झाला पाहिजे. सोलापूरसारख्या गावात "तिथं पगार मागंपुढं होतो" ही बातमी तुमच्या जाहिरातीपेक्षा लवकर पसरते.

पुण्याशी पगारावर भांडू नका

संध्याकाळी पुण्याहून सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस शुक्रवारी बघा. अर्धी गाडी आपल्याच पोरांनी भरलेली असते. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारतही आहे. गावाबाहेर नोकरी करून शनिवार-रविवार घरी यायची आता लोकांना सवय झाली आहे. त्यांना परत आणायचं तर पुण्याचा पगार देणं तुम्हाला परवडणार नाही आणि द्यायची गरजही नाही.

त्यांच्यासोबत बसून पुण्याचा हिशेब मांडा. खोलीचं भाडं, मेस, पेट्रोल, दर आठवड्याचं येणं-जाणं वजा करून हातात काय उरतं ते त्यांनाच सांगू द्या. बऱ्याचदा फरक वाटतो तेवढा नसतो. पण खरं कारण पैशात सापडतच नाही. वडिलांचं डायलिसिस चालू आहे, मोहोळला बारा एकर ऊस आहे आणि भाऊ नाही, बायकोला इथल्या शाळेत नोकरी लागली, लेकरू पहिलीत जाणार आहे. ज्याला सोलापुरात राहण्याचं स्वतःचं कारण आहे, तो टिकतो. "सध्या इकडेच आहे, बघू" म्हणणारा दुसरीकडून बोलावणं आलं की जातो.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं हा आपल्याकडचा वेगळाच वर्ग. हुशार असतात, शिस्तीची असतात आणि पूर्वपरीक्षेच्या आधी दोन महिने मनाने तुमच्याकडे नसतात. त्यांना नाकारू नका, सरळ विचारा: परीक्षा कधी, रजा किती लागेल, निवड झाली तर किती दिवस आधी सांगणार? अर्धवेळ डेटाच्या किंवा ग्राहकांना उत्तरं देण्याच्या कामाला ही मुलं फार चांगली. धंद्याचा कणा मात्र त्यांच्यावर उभा करू नये.

जाहिरात मराठीत, पत्त्यासह

'डायनॅमिक', 'गो-गेटर', 'प्रेशरमध्ये काम करणारा' असली जाहिरात वाचून कुणालाच काही कळत नाही. असं लिहा:

"शाळांचे गणवेश शिवणाऱ्या नव्या कंपनीला ऑर्डर सांभाळणारी व्यक्ती हवी. काम: शाळांकडून मापं घेणं, एक्सेलमध्ये नोंद, कटिंग मास्टरला यादी देणं, माल निघेपर्यंत पाठपुरावा. मराठी आणि कन्नड बोलता यावं. पदवीची अट नाही. वेळ १० ते ६.३०, रविवार सुट्टी. पगार १५,००० ते १८,०००. मार्च ते जून जास्त काम, जादा वेळेचा दुप्पट मोबदला. निवडीआधी अर्ध्या दिवसाचं काम करून पाहावं लागेल, त्याचे ३०० रुपये मिळतील. ठिकाण: अक्कलकोट रोड एमआयडीसी. कोणतीही फी नाही."

पगार लिहायला लोक का घाबरतात, मला कळत नाही. तो न लिहिल्याने तुमचेच वीस फोन वाया जातात. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. नोकरीच्या नावाखाली 'रजिस्ट्रेशन फी' उकळणारे इतके झालेत की साधी माणसं अनोळखी जाहिरातीला फोनच करत नाहीत.

ती टाकायची कुठे, हे जागेवर अवलंबून आहे. सॉफ्टवेअर किंवा डिझाइनचं काम असेल तर वालचंद इन्स्टिट्यूट आणि ऑर्किड कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाला भेटा. फोन नको, स्वतः जा. मोठ्या कंपन्या कॅम्पसला येऊन जातात तो काळ सोडून गेलात तर निवांत बोलणं होतं. हिशेब आणि ऑफिसच्या कामाला हिराचंद नेमचंद, संगमेश्वर, दयानंद. मशीन, वायरिंग, मेंटेनन्सला शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात नवउद्योगांसाठी इनक्युबेशन केंद्रही आहे, तिथे ओळखी वाढतात. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर मालक म्हणून नोंदणी फुकट होते.

शिलाई, कटिंग, लूम यांची माणसं मात्र पोर्टलवर मिळत नाहीत. तिथे एका चांगल्या कटिंग मास्टरच्या कानावर घातलं की आठ दिवसांत चारजण दारात येतात. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, गेलात तर एखाद्या तेलुगू बोलणाऱ्या माणसाला सोबत घ्या, दार लवकर उघडतं.

शिकाऊ उमेदवारांचा रस्ताही बघून ठेवा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं सक्तीचं, ४ ते २९ मध्ये ऐच्छिक. चौघं झाली की पाचवा शिकाऊ घ्यायला हरकत नाही. अट एकच, शिकवायला तुमच्याकडे वेळ हवा. झाडू मारायला स्वस्तातला पोरगा म्हणून घेणार असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

दहा मिनिटांचा फोन

तीस अर्ज आले तर तिसांना बोलावू नका. अक्कलकोटहून किंवा बार्शीहून माणूस गाडीभाडं खर्चून येतो, दोन तास बसतो आणि पाच मिनिटांत परत जातो, हे बरं दिसत नाही. आधी फोन करा. कुठून येणार, रोज कसं येणार, आत्ता काय करता, ते का सोडताय, किती पगार हवा, कधीपासून येऊ शकता. एवढ्यात निम्मे गळतात. फोन घेताच "कोण बोलतंय?" म्हणून खेकसणारा तुमच्या ग्राहकाशीही तसाच बोलणार आहे, तेही टिपून ठेवा.

नमुना काम

सगळा जोर इथे लावा. मुलाखतीत गोड बोलणारा माणूस कामात कसा आहे हे मुलाखतीत कळत नाही. काम दिलं की तासाभरात कळतं. नियम तीन: काम तुमच्या रोजच्या कामासारखंच हवं, अर्ध्या दिवसाच्या आत संपणारं हवं आणि त्याचे पैसे द्यायचे. दहा उमेदवारांकडून फुकटात दहा डिझाइनं करून घेऊन कुणालाच न घेणारे महाभाग आहेत. त्यांची कीर्तीही गावभर असते.

गणवेशाच्या धंद्यातल्या ऑर्डरच्या जागेचं उदाहरण घेऊ. विजयपूरच्या एका शाळेची यादी तयार करा, सहा वर्गांची. त्यात मुद्दाम चार गोष्टी पेरा. एका वर्गाची बेरीज चुकवा. एका शर्टाचं माप २८ ऐवजी ८२ लिहा. माल कधी हवा याच्या दोन वेगळ्या तारखा दोन ठिकाणी टाका. मुलांच्या यादीत एक पिनाफोर (मुलींचा बिनबाह्यांचा फ्रॉक) घुसवा. मग ती यादी, एक लॅपटॉप आणि पाऊण तास द्या. दोन गोष्टी मागा: कटिंग मास्टरला देता येईल असा मापवार तक्ता आणि शाळेच्या क्लार्कला पाठवायचा व्हॉट्सअॅप मेसेज.

काय काय बघायला मिळतं ते सांगतो. एखादा सगळं आहे तसं उतरवतो, ८२ सकट. त्याला यादीत शर्ट दिसलाच नाही, नुसते आकडे दिसले. दुसरा ८२ चं २८ करून टाकतो आणि कुणाला सांगत नाही. हा पहिल्यापेक्षा धोक्याचा, कारण याचे अंदाज नऊ वेळा बरोबर येतील आणि दहाव्या वेळी दोनशे शर्ट चुकीच्या मापाचे कापले जातील. तिसरी मुलगी २८ करते, तो खाना पिवळा करते आणि मेसेजमध्ये लिहिते, "सर, सहावी ब मधलं चौथं माप ८२ आलंय, २८ धरू का? आणि माल १० जूनला हवा की १५ ला, तेवढं कळवा." तिचं टायपिंग हळू असलं तरी चालेल, मराठीत र्‍हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल. तिला घ्या.

टेलरची परीक्षा मशीनवर. एकसारखे दोन पीस द्या. पहिला मशीन आणि धागा समजायला जातो, त्यावरून मत बनवू नका. दुसऱ्याची कॉलर आणि पुढची पट्टी बघा, दोन्ही टोकं जुळतात का, टाका एकसारखा पडतो का. वेळही टिपा, पण वेळेला दुसरा नंबर. वेग महिनाभरात वाढतो, हाताची सफाई वाढायला वर्षं जातात. कटिंग मास्टरला कापड पसरून पॅटर्न मांडायला सांगा आणि कापायच्या आधी थांबवा. तुकडा कुठे वाचवला, चौकड्यांचं कापड असेल तर रेषा जुळवल्या का, हे मांडणीतच दिसतं.

विक्रीच्या माणसाला मालाचे नमुने घेऊन कापडबाजारातल्या चाटी गल्लीत सोबत न्या. एका दुकानात तुम्ही बोला, दुसऱ्यात त्याला बोलू द्या. ऑर्डर मिळाली की नाही हे गौण. दुकानदार गिऱ्हाइकात गुंतलेला असताना हा मध्येच बोलतो की बाजूला थांबतो? बाहेर पडल्यावर दुकानदार काय म्हणाला हे त्याला नीट सांगता येतं, की "इंटरेस्टेड आहेत सर" एवढंच?

प्रोग्रामरला कोरी पाटी देऊ नका. आधीच लिहिलेला, थोडा बिघडलेला कोड द्या. रोजच्या नोकरीत तेच असतं. एआयची मदत घेऊ द्या, कामावर आल्यावर घेणारच आहे. नंतर शेजारी बसून विचारा, "ही ओळ काढली तर काय होईल?" इथे पाठांतरवाल्याची बोबडी वळते.

समोरासमोर

नमुना काम चांगलं झालेल्या तिघा-चौघांनाच मुलाखतीला बोलावा. प्रश्न आधी लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच विचारा. प्रत्येकाला वेगळे प्रश्न विचारले की तुलना होत नाही, मग ज्याच्याशी गप्पा रंगल्या तो निवडला जातो.

"तुम्ही पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" याची उत्तरं यूट्यूबवर पाठ मिळतात. घडलेलं विचारा. उदाहरणार्थ:

"मागच्या ठिकाणी तुमच्या हातून काय चुकलं होतं?"

"तसं काही नाही सर, सगळं व्यवस्थितच होतं."

हा एक. दुसरा म्हणतो, "कलबुर्गीच्या पार्टीच्या बिलाला राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लावला होता सर, परराज्याचा आयजीएसटी पाहिजे होता. पार्टीने क्रेडिट बसत नाही म्हणून पेमेंट अडवलं. मग क्रेडिट नोट काढून नवं बिल दिलं आणि सॉफ्टवेअरमध्ये कर्नाटकच्या सगळ्या पार्ट्यांचं राज्य तपासून घेतलं." कर्नाटकची हद्द इतक्या जवळ असलेल्या गावात बिलं करणाऱ्याला ही चूक कळलेली असणं म्हणजे निम्मं प्रशिक्षण फुकट मिळाल्यासारखं आहे.

भाषेवरून माणूस जोखू नका. "काय करलालाव" म्हणणारा पोरगा ग्राहकाशी नीट बोलतो का, एवढंच बघायचं. इथे घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि हिंदी बोलणारी माणसं आहेत. पुण्याच्या कंपनीला जे पैसे देऊन उभं करावं लागेल, ते आपल्याकडे बारावी झालेल्या पोरीकडे आयतं असतं.

आणि आडनाव, पेठ, गाव यांवरून जात काढायचा जो आपल्याकडचा जुना खेळ आहे, तो मुलाखतीच्या खोलीबाहेर ठेवा. "लग्न कधी करणार", "मूल लहान आहे मग कसं जमणार" हे मुलींना विचारायचे प्रश्न नाहीत. वेळ ठरलेली आहे, ती जमेल का, एवढाच प्रश्न, आणि तो पुरुषालाही विचारायचा.

निवड पक्की करण्याआधी जुन्या मालकाला फोन करा, पण उमेदवाराला विचारून. तो अजून तिथे कामाला असेल तर त्याची नोकरी धोक्यात येते. जुना मालक सहसा वाईट बोलत नाही, म्हणून एकच विचारा: "जागा असती तर परत घेतलं असतं का?" उत्तर यायला किती वेळ लागतो, त्यातही उत्तर असतं.

मुली कामावर हव्या असतील तर

या शहरात विडी वळून घर चालवणाऱ्या बायकांची मोठी संख्या आहे. कुंभारीच्या विडी घरकुलातून आणि पूर्व भागातून त्यांच्या मुली आता बीकॉम, डिप्लोमा करून बाहेर पडतायत. आईने हजार विड्यांचा हिशेब रोज केलेला असतो, त्यामुळे कामाचा, वेळेचा आणि पैशाचा कस या घरांत लहानपणापासून कळतो. माझ्या मते नव्या धंद्याला सोलापुरात याहून चांगली माणसं नाहीत, आणि ती टिकतात.

पण घरचे नुसत्या पगारावर पाठवत नाहीत. ऑफिस कुठल्या मजल्यावर आहे, संडास स्वच्छ आणि कडीचा आहे का, अंधार पडायच्या आत पोरगी घरी येईल का, हे प्रश्न येतात आणि ते रास्त आहेत. शहर बसवर भिस्त ठेवता येत नाही, त्यामुळे दोघी-तिघींची शेअर रिक्षा ठरवून देणं स्वस्त पडतं. आईवडिलांना एकदा ऑफिस बघायला बोलवा. चहा द्या, मशीन दाखवा, तुमच्या घरच्यांची गाठ घालून द्या. दहा माणसं झाली की लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे (२०१३ चा) अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याआधीही तक्रार कुणाकडे करायची, हे भिंतीवर लावलेलं असू द्या.

कागद

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक झालं. कायदा नसता तरी मी द्या म्हटलं असतं. दोन पानं पुरतात आणि ती मराठीत असावीत, म्हणजे घरी नेऊन वाचता येतात. कामाचं स्वरूप, पगाराची फोड, पगाराची तारीख, वेळ, सुट्ट्या, परिविक्षा काळ (प्रोबेशन), दोन्ही बाजूंची नोटीस, ग्राहकांची माहिती बाहेर न देण्याची अट. संहितेप्रमाणे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्मे तरी धरले जातात, म्हणून भत्त्यांचे फुगे करून फंड वाचवायची जुनी युक्ती आता चालत नाही. ठरावीक मुदतीवर माणूस घेतलात तर त्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, हेही गणितात धरा. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद ऑनलाइन होते. तुमचा कर सल्लागार करून देईल.

मार्कशीट आणि सर्टिफिकेटची मूळ प्रत ठेवून घेऊ नका. बघा, झेरॉक्स घ्या, परत द्या. कागद अडकवून ठेवलेला माणूस मनाने कधीच निघून गेलेला असतो.

कंपनीत हिस्सा देण्याचं आमिष सुरुवातीला टाळा. धंदा कंपनी म्हणून नोंदलेला नसेल तर शेअर देताच येत नाहीत, आणि असेल तर सीएकडून रीतसर योजना करून घेतल्याशिवाय तोंडी आश्वासन देऊ नका.

पहिले तीन महिने

पहिल्या दिवशी काम, दुसऱ्या दिवशी काम, असं करू नका. पहिला आठवडा त्याने सगळ्या जागा फिराव्यात. ऑर्डर बघणाऱ्या मुलीला एक दिवस कटिंगच्या टेबलापाशी, एक दिवस पॅकिंगला उभं करा. ३० दिवसांनी काय जमायला हवं, ६० दिवसांनी काय आणि ९० दिवसांनी काय, हे तीन-तीन ओळींत लिहून तिच्याजवळ द्या. दर शनिवारी पंधरा मिनिटं बसा. पहिल्या महिन्यातच जमत नाही असं दिसलं तर तेव्हाच सांगा. तीन महिने गप्प बसून एकदम "उद्यापासून येऊ नका" म्हणणं हा अन्याय आहे.

उचलीचं आधी ठरवा. आपल्याकडे कारखान्यात उचल देण्याची जुनी पद्धत आहे आणि नवा धंदा असला तरी मागणी येणारच. लग्न, दवाखाना, घराचं छप्पर. नाही म्हणून चालत नाही आणि प्रत्येक वेळी हो म्हणून भांडवल उरत नाही. माझ्या मते एक पगाराएवढी कमाल उचल, चार हप्त्यांत परत, लेखी, आणि जुनी फिटल्याशिवाय नवी नाही. सगळ्यांना हाच नियम. जास्त उचल दिली की माणूस बांधला जातो असं काही मालक समजतात. तसा माणूस कर्जापायी थांबतो, कामापायी नाही.

सुट्ट्यांची यादी छापील कॅलेंडरवरून उतरवू नका. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा आहे, नंदीध्वज निघाले की कुणी कामावर येत नाही आणि यावं अशी अपेक्षाही ठेवू नये. पद्मशाली समाजातल्या माणसांना नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाची सुट्टी हवी असते. पंढरपूरकडची माणसं आषाढीला जाणार. रमजानमध्ये संध्याकाळी घरी लवकर सोडावं लागतं. वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाकडून त्याच्या सणाच्या तारखा लिहून घ्या आणि डिलिव्हरीच्या तारखा त्या बघून द्या.

माणूस जाताना

पाचांतले दोघे जातील, हे धरूनच चाला. कामाची माहिती एकाच्याच डोक्यात राहू नये म्हणून प्रत्येकाने आपल्या कामाची पानभर टिपण लिहावी आणि दर तीन महिन्यांनी ती दुसऱ्या कुणीतरी वाचून बघावी. ग्राहकांचे फोन कंपनीच्या सिमवर, स्वतःच्या नंबरवर नाहीत. बँकेचा, पोर्टलचा, ईमेलचा पासवर्ड जाण्याच्या दिवशीच बदला, यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं असावं.

माणूस स्वतः सोडो किंवा तुम्ही काढा, राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं, वेतन संहितेत तसं लिहिलं आहे. उचल वजा करून हिशेब एका कागदावर मांडा, दोघांनी सही करा आणि अनुभवाचा दाखला त्याच दिवशी हातात द्या. दाखल्यासाठी चार चकरा मारायला लावणाऱ्या मालकाकडे त्याच्या ओळखीतलं पुढचं माणूस येत नाही.